दसऱ्याला धुतलेली हत्यारं

माणसाने फोडलेला दगड आणि आपोआप फुटलेला दगड यांतला फरक मला दुसरी-तिसरीत असल्यापासून कळतो. बाबांनी शिकवला. नेमकी ठोकर मारून काढलेल्या कपचीवर, ठोकर बसली त्या जागी एक लहानसा फुगवटा राहतो आणि तिथून पुढे शिंपल्यावर असतात तशा बारीक लाटा उमटतात. उन्हाने तडकलेल्या किंवा गाडीखाली फुटलेल्या दगडावर सहसा असं दिसत नाही. हे ज्ञान मला आयुष्यात कुठेही उपयोगी पडलेलं नाही, पण डोक्यातून जातही नाही. अजूनही कोणाच्या बंगल्यापुढे रंगीत खडी पसरलेली दिसली की माझी मान खाली जाते आणि नवरा म्हणतो, चल आता.

बाबांकडे पत्र्याचा एक चौकोनी डबा होता. त्यात पूर्वी कधीतरी खारी असायची, नंतर त्यात दगड आले. दगड म्हणजे गारगोटीच्या, अकीकाच्या बारीक पात्या, बहुतेक नखापेक्षा फार मोठ्या नाहीत. काही सरळ, काही त्रिकोणी, काही अगदी चंद्रकोरीसारख्या. दुधी, मधाच्या रंगाच्या, शेवाळी, लाल. शेती यायच्या आधीची माणसं अशा पात्या लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवायची, डिंकाने घट्ट करायची, आणि त्याची सुरी व्हायची, बाण व्हायचा. एखादी पाती तुटली तर तेवढीच काढून दुसरी बसवायची. मी दातांची डॉक्टर आहे, कामोठ्यात माझा दवाखाना आहे. ब्लेड बदलायचं आणि मूठ तीच ठेवायची, ही सोय मी रोज वापरते. ती इतकी जुनी आहे हे माझ्या सप्लायरला सांगून बघितलं, तो म्हणाला, मॅडम, आपलं ब्लेड स्टीलचं आहे.

बाबा घणसोली गावातले. आमचं घर गावठाणात, आता चार मजल्यांचं. खाली बाबा आणि भावाचं कुटुंब, वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. समोरच्या घराच्या खिडकीत हात घालून मीठ मागता येईल इतकी गल्ली अरुंद, आणि गल्ली संपली की लगेच टॉवर. गावाभोवती नवं शहर वसवायला जमीन मोजली जात होती तेव्हा बाबा मोजणीच्या टोळीत लागले. साखळी धरायची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी करायची, साहेब सांगेल तिथे खुंटी ठोकायची. आपल्याच गावची शेतं त्यांनी मोजून दिली. त्यावरून गावातले लोक त्यांना जे काय बोलायचे ते बोलून झालं. बाबांनी त्यावर कधी उलट उत्तर दिलेलं मला आठवत नाही. पगार वेळेवर यायचा आणि आम्ही शिकलो.

त्याच काळात पुण्याकडचे एक संशोधक टेकड्यांवर फिरायला यायचे. खांद्याला खाकी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि सदा वाकलेले. बाबांना वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय. विचारलं, तर त्या गृहस्थांनी त्यांच्या हातावर एक पाती ठेवली आणि फुगवटा दाखवला. दोन-तीन वेळा ते आले, मग आले नाहीत. पण बाबांना जी सवय लागली ती लागलीच. काठी उभी करून साहेबाच्या हाताच्या खुणेची वाट बघत थांबायचं, तेवढ्या वेळात पायाखाली बघायचं. पुढे गावामागची टेकडी खाडीतल्या भरावाला गेली. टेकडी जाताना मला काही वाटल्याचं आठवत नाही. रोज थोडी थोडी जात होती, आणि मुलांना ट्रक बघायला आवडतात.

डब्याचं सगळं प्रकरण उभं राहिलं ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूमुळे. मुलगा चांगला होता, ऐरोलीच्या कुठल्याशा कंपनीत कामाला. एका रविवारी तो जिन्यात फोनवर कोणाला तरी सांगत होता की इथे आधी काहीच नव्हतं, नुसता चिखल आणि मिठागरं, आता बघ काय डेव्हलप झालंय. बाबा खाली खुर्चीवर बसलेले. त्यांनी त्याला बोलावलं, डबा आणला, टीपॉयवर पेपर पसरला आणि सगळ्या पात्या ओतल्या. मुलाने मन लावून बघितलं. मग म्हणाला, "मस्त स्टोन्स आहेत काका. फिश टँकमध्ये टाकायला एकदम बेस्ट."

बाबांनी पात्या भरल्या, झाकण लावलं. हे सगळं भावाने मला फोनवर सांगितलं. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं.

"मना आता एकच करायचा हाय," ते म्हणाले. "ह्या काचंत ठेवायच्या. खाली लिवायचा, घनसोली. मी हाय तवर."

"घरात शोकेस करून घेऊ," मी म्हटलं.

"घरातल्या काचंला कोन इचारतो? म्युजियममधी."

मी वाद घातला. माझ्या धंद्यात समोरचा तोंड उघडं ठेवून बसलेला असतो, त्यामुळे मला उलट बोलणं ऐकायची सवय नाही, आणि बाबांशी बोलताना ते फार जाणवतं. मी सांगितलं की ज्यांनी हे दगड घडवले ते आपले कोणी नव्हते. त्यांना भात माहीत नव्हता, मीठ पिकवणं माहीत नव्हतं, आपली गावदेवी माहीत नव्हती. शिकार करत, कंदमुळं खणत आले आणि गेले. आपण त्यांचे वारस म्हणून मिरवायला काही आधार नाही.

"मी कुटं बोलतो माजा पनजा व्हता?" बाबा म्हणाले. "इथं मानूस व्हता, यवराच बोलतो. काय नवता असा नाय."

मला गावाचा तसा लळा नाही. लग्न होऊन मी देशावरच्या घरात गेले, आमच्याकडे भाकरी तांदळाची नाही, ज्वारीची होते, आणि मला गावातल्या अर्ध्या लोकांची नातीही आता नीट सांगता येत नाहीत. पण बाबांचं वय ऐंशीच्या पुढे होतं, आई जाऊन काही वर्षं झाली होती, आणि त्यांनी मला आजवर कुठलीच गोष्ट मागितलेली नव्हती. मी बघते म्हटलं.

बघते म्हणजे काय, तर एक-दोन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी सांगितलं, फोटो पाठवा. पाठवले. उत्तर आलं नाही. दुसरीकडे सांगितलं, अशा वस्तू पुष्कळ लोक घेऊन येतात, आणि बहुतेक वेळा ते साधे दगड असतात. त्या बोलण्याचा मला राग आला. साधे दगड मला ओळखता येतात.

शेवटी माणूस माझ्याच खुर्चीत सापडला. रूट कॅनालसाठी एक बाई यायच्या, माझ्याहून थोड्या लहान, मुंबईतल्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या. कॉलेजचं स्वतःचं छोटं संग्रहालय होतं आणि ते त्यांच्याकडेच होतं. मी काम करताना रुग्णांशी बोलते, म्हणजे एकटीच बोलते. त्यांना म्हटलं, जगातल्या अगदी जुन्या शेतकऱ्यांच्या एका वस्तीत दाढांना दगडी टोकाने पाडलेली भोकं सापडली आहेत, म्हणजे माझा धंदा तुमच्या विषयाइतकाच जुना आहे. त्यांच्या तोंडात कापूस होता, त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं. मग मी डब्याचं सांगितलं. कापूस निघाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य दाताबद्दल नव्हतं. त्या म्हणाल्या, "कधी येऊ?"

त्या रविवारी सकाळी मी त्यांना सानपाड्याहून गाडीत घेतलं आणि घणसोलीला नेलं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वहिनीने टीपॉयवर जुनी, धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. बाईंनी पिशवीतून भिंग काढलं, एक मोजपट्टी काढली, आणि चहाला हात न लावता बसल्या. बाबा त्यांना एकेक पाती देत होते. मी भिंतीला टेकून उभी होते, मला अशा वेळी बसवत नाही.

"काका," बाई म्हणाल्या, "हत्यारं खरी आहेत. सगळी नाहीत, चार-सहा नुसत्या कपच्या आहेत. पण बाकी खरी आहेत, आणि फार सुंदर आहेत."

बाबांनी मान हलवली, जणू त्यांना हे माहीतच होतं. पण त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावरून उगाच दोनदा फिरला.

बाई मग खुलल्या. एक बसका, बोटभर उंचीचा दगड घेऊन त्यांनी मला दाखवला. त्याच्या अंगावर वरून खाली सरळ पट्टे होते. हा गाभा, त्या म्हणाल्या, याच्यावरून पात्या काढल्या, प्रत्येक पट्टा म्हणजे एक पाती निघाल्याची जागा. दगडाला दगड मारून असा सरळ पट्टा निघत नाही. हाडाचं किंवा शिंगाचं टोक टेकवून दाब द्यावा लागतो, आणि दाब कुठे द्यायचा हे चुकलं की अख्खा गाभा वाया. मग त्यांनी एक चंद्रकोर तळहातावर घेतली. तिची दोन्ही टोकं एकसारखी होती, पाठ बारीक बारीक टवके काढून बोथट केलेली.

"ही डिंकात बसवायची होती," त्या म्हणाल्या. "पाठ दिसणारसुद्धा नव्हती. तरी बघा किती सारखी केलीय. शिकारीला इतकी गरज नव्हती. लोक मला विचारतात, कला कधी सुरू झाली. भिंतीवरची चित्रं दाखवली की त्यांचं समाधान होतं. मला वाटतं, जिथे गरजेपेक्षा जास्त नीटनेटकं केलंय, तिथेच ती सुरू झाली."

हे मला पटलं. दाढेतल्या मागच्या बाजूच्या फिलिंगवर मी जो हात फिरवते तो रुग्णाला कधीच दिसणार नसतो. त्याला मी कला म्हणणार नाही, पण तो फिरवल्याशिवाय मला बरंही वाटत नाही. ती चंद्रकोर मी मागून घेतली. अंगठा आणि पहिल्या बोटात ती आपोआप बसली, धार बाहेरच्या अंगाला. ज्याने केली त्याचा हात माझ्यासारखाच उजवा असावा असं मला वाटलं, पण ते मी बोलले नाही, कारण याला काही पुरावा नाही.

बाईंनी वही काढली. "आता सांगा काका. कुठली कुठून?"

बाबा म्हणाले, "सगल्या इथल्याच."

"हो, पण इथे म्हणजे कुठे? टेकडीच्या माथ्यावर, उतारावर, खाडीच्या बाजूला? सुरुवातीला वेगवेगळ्या ठेवल्या असतील ना?"

"ठेवल्या व्हत्या. पुड्या व्हत्या. पुडीवर पेन्सिलीनं नाव व्हता."

"मग पुड्या आहेत?"

"दसऱ्याला सोडल्या."

बाईंना कळलं नाही. मला कळलं, कारण दर दसऱ्याला मी ते बघत आले होते आणि त्यात काही चूक आहे असं कधी मनात आलं नव्हतं. मोजणीच्या कार्यालयात दसऱ्याला दुर्बिणीची, साखळीची, काठ्यांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, पेढे. ज्या हत्याराने पोट भरतं ते त्या दिवशी धुवायचं, पुजायचं, त्याला काम लावायचं नाही. बाबा दुपारी कार्यालयातून घरी यायचे आणि हीच पूजा घरी करायचे. माझं कंपासपेटीतलं कर्कटक, आईचा कोयता, विळी, आणि या पात्या. हत्यारंच ती. पहिल्या दसऱ्याला पुड्या सोडल्या, पात्या जुन्या टूथब्रशने घासून धुतल्या, सगळ्या एका तबकात मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. दुसऱ्या दिवशी पुसून डब्यात. नंतर पुड्या केल्याच नाहीत. पुढे दरवर्षी नवीन सापडलेल्या त्यांच्यात पडत गेल्या.

हे बाबांनी सांगितलं तेव्हा बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक पाती भिंगाखाली धरली आणि तिच्या खाचेत अडकलेला पिवळा रंग मला दाखवला. कधीकधी धारेवर त्या काळच्या झाडाचा, मांसाचा, डिंकाचा अंश टिकून राहतो, त्या म्हणाल्या, त्यावरून हत्यार कशाला वापरलं ते कळतं. इथे आता हळद कळेल.

"पूजा कराया नको व्हती?" बाबांनी विचारलं.

"तसं नाही काका. तुम्ही त्यांना हत्यार म्हणून मान दिलात. आमच्या कपाटात तो कोणी देत नाही. पण मला जागा हव्यात."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. मना कलते, म्हणाले, आणि पात्या वेगळ्या करायला लागले. चादरीवर तीन ढीग. माथा, उतार, खाडीची कड. हात झपझप चालत होता. मी बघत होते. लाल सगळ्या एका ढिगात चालल्या होत्या, दुधी दुसऱ्यात, शेवाळी तिसऱ्यात. बाईंच्याही ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. एका पातीवर बाबा अडले. ती अर्धी लाल होती आणि अर्धी दुधी. त्यांनी ती या ढिगावरून त्या ढिगावर नेली, मग हातातच धरून बसले.

"नाय," ते म्हणाले. "मी रंगावर लावतोय."

मला त्यांची फार दया आली. मला दया आलेली आवडत नाही, विशेषतः बाबांची. म्हणून मी बाईंना जरा तोडूनच म्हटलं, "नेमकी जागा नसली तर नसली. घणसोली परिसर एवढं लिहून चालत नाही का?"

बाईंनी थोडा विचार केला. "चालेल," त्या म्हणाल्या. "ज्यांनी गोळा केल्या त्यांच्या सांगण्यावरून, घणसोली आणि आसपास. असं लिहिता येईल. फार किंमत नाही त्याला, पण खोटं नाही. टेकडी आता नाहीच आहे, तर तुमचा शब्द हाच पुरावा. एक छोटी काचपेटी रिकामी आहे माझ्याकडे."

झालं की, मला वाटलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांना हवं ते, त्यांना हव्या त्या शब्दांत, समोर आलं होतं. बाईंनी वहीवर लिहायला घेतलंसुद्धा. बाबा तिन्ही ढीग एक करून पात्या डब्यात भरायला लागले, आणि भरता भरता एक बाजूला ठेवली. लाल होती, बाकीच्यांपेक्षा लांब, मधून एक पांढरी रेघ गेलेली.

"ही सोडून लिवा," ते म्हणाले.

"का?"

"ही इथली नाय. नाशिकची हाय."

बाईंचं पेन थांबलं. मीही सरळ उभी राहिले, कारण नाशिकला मी शिकले आणि बाबा तिथे माझ्यासाठी सोडून दुसऱ्या कशासाठी गेल्याचं मला माहीत नव्हतं.

बाबा माझ्याकडे बघून बोलले, बाईंकडे नाही. "तुना हॉस्टेलात सोरली ना, त्या दिवशी. तुजी आयस एस्टीत बसाया तयार नाय. स्टॅन्डवर बोलली, मी नाय येत. मी बोललो, अगो चल, गाडी लागलीय. तर उठून चालत सुटली, ती नदीवर. तिथं बसली रेतीत, नि रडाया लागली. एक गाडी गेली. दुसरी गेली. रडनारीला काय बोलायचा, मना कलला नाय. तवा मी बोललो, इथं नदीत दगड चांगले हायत, बग एखादा गावतो काय. उगाच आपला बोललो. तर ती रडता रडता हातानं गोटे उकराया लागली. नि ही काढली. मी तिना कवा शिकवला नवता. माज्या हातावर ठेवली नि बोलली, चला आता."

मला त्या दिवसाची आई चांगली आठवते. तिने खोलीची कडी लागते का बघितली, बादली गळते का बघितली, माझ्या उशीला अभ्रा घातला, आणि फाटकाशी मला म्हणाली, केस बांधून झोपत जा. डोळे कोरडे. ती गेली तेव्हा मला वाटलं होतं, बरी घट्ट आहे आपली आई. मीही मग घट्ट राहिले, आणि ते मला पुढे उपयोगी पडलं. पण हे असं काही झालं होतं, हे ना तिने मला कधी सांगितलं, ना बाबांनी.

बाईंनी विचारलं, "काका, मग इतर ठिकाणच्याही असतील यात?"

बाबा म्हणाले, "असतील. टोली उरनला गेली, पनवेलला गेली, एकदा जव्हारकडं गेलो. जिथं गेलो तिथं उचलल्या." आणि मग त्यांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. त्यांनी डब्यात बघितलं. "आता यांच्यातल्या इथल्या कुठल्या, नि बाहेरनं आलेल्या कुठल्या, मना नाय सांगता येत."

"मग मला घणसोली लिहिता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"नाय," बाबा म्हणाले. "नका लिवू."

गल्लीतून कोणाची तरी स्कूटर गेली. वहिनी आतून चहा गरम करून देऊ का विचारून गेली. मी बाईंना इथे आणलं याचा मला पश्चात्ताप झाला. तो डबा पलंगाखाली सुखाने राहिला असता.

बाईंनी ती लाल पाती उचलून भिंगाखाली धरली. बराच वेळ बघितली. "मॅडम," त्या मला म्हणाल्या, "हॉस्टेलला आलात ते कुठलं वर्ष?" मी सांगितलं. महिना विचारला, तोही सांगितला. नदीवर कुठे, हे त्यांनी बाबांना विचारलं, आणि बाबांनी हाताने हवेत नदी काढून, स्टॅन्डवरून कुठे वळले, पूल कुठल्या अंगाला राहिला, हे मोजणीतल्या माणसासारखं सांगितलं.

"ही मी घेऊ शकते," बाई म्हणाल्या. "जागा आहे, वर्ष आहे, उचललेली कशी ते आहे. अख्ख्या डब्यात एवढीच एक आहे जिचं सगळं माहीत आहे. बाकीच्या पात्या मुलांना हातात घेऊन बघायला द्यायला चालतील, त्यासाठी तुमच्या मनात असेल तर द्या. पण काचेत ही जाईल."

"खाली काय लिवनार?"

"नाशिक, गोदावरीचा काठ. आणि शोधणाऱ्याचं नाव."

"माजा?"

"ज्यांनी उचलली त्यांचं."

मी म्हटलं, "ही घरातच राहू दे." मला ती पाती हवी होती. तिच्याबद्दल कळून मला पाव तास झाला नव्हता, तरी ती माझी आहे आणि ती कोणी काचेत नेऊ नये असं मला वाटत होतं.

"घरात ठेवून काय?" बाबा म्हणाले. "घरात तिजा नाव कुटं हाय? घरपट्टीवर माजा, दारावर तुज्या भावाचा." त्यांनी डबा झाकण लावून बाईंकडे सरकवला. "पोरांना द्या ह्या बगायला. कुटच्याबी असंनात." मग लाल पाती बाईंच्या हातातून परत घेतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती धरली, पाहिली, आणि बाईंना दिली. तिला मी जास्त वेळ हातात ठेवलं असतं तर दिली नसती.

बाईंनी नवीन पान काढलं. "आईंचं पूर्ण नाव?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. सरकारी कचेरीत, दवाखान्यात, बँकेत, जिथे जिथे बायकोचं नाव विचारलं जाई तिथे ते असंच बाजूच्याकडे बघत, आणि बाजूचं कोणीतरी ते सांगत असे. आमच्याकडे त्या पिढीत नवरेही नाव घेत नाहीत. लग्नात उखाणा घेतला असेल तर असेल, त्याला मी नव्हते. घरात ती 'अगो' होती, आणि बाहेर 'आमच्या घरातली'. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

बाई पेन धरून थांबल्या होत्या. बाबांनी घसा साफ केला, सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं, आणि नाव घेतलं. पहिलं आईचं, मग स्वतःचं, मग आडनाव, शाळेत हजेरीला सांगतात तसं सावकाश. त्यांच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बाईंनी लिहिलं आणि बरोबर आहे का म्हणून एकदा वाचून दाखवलं.

"हां," बाबा म्हणाले. "तीच."